वसतिगृहामागील गवारीचे दोन वाफे



येथे नांदेडास गोदामाईचा आधार आहे. लातूरची गोष्ट निराळी. एप्रिल २०१६ मध्ये तेथे मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीस दहा वाघिणी, पाण्याचा भरणा सुमारे पाच लक्ष लिटर. आम्ही त्या वेळी लातुरासच होतो. आपल्या वसतिगृहामागे सभासदांचा सामायिक भाजीमळा होता. पिण्यास पाणी नाही, तेथे भाजी कसली, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. आम्हीही त्यांतलेच. भेंडीची झाडे व दोडक्याचे वेल आम्हीच उपटविले.

भगिनीमंडळाने मात्र गवारीचे दोन वाफे हट्टाने राखिले. भांडी राखेने घासावयाची, विसळलेले पाणी सांजवेळी वाफ्यास द्यावयाचे आणि बुडाशी पाचोळा पसरावयाचा. गवारीचे मूळ खोल जाते, ती तगली.

सुटीतही गावी न गेलेली मुले वसतिगृहात होती. गावी तरी पाणी कोठे होते? लसणीच्या फोडणीत परतून वर दाण्याचे कूट घातलेली ती गवार त्यांनी ज्वारीच्या भाकरीशी खाल्ली. उरलेल्या शेंगा मिठाच्या ताकात बुडवून वाळविल्या. त्यांतील मूठभर आमच्याही घरी आल्या. मागावयास आम्हांस तोंड नव्हते. भगिनींनी आपण होऊन पाठविल्या.