घाटमाथ्याचे पाणी आणि पूर्वेचा सागर



सागराचे प्रदूषण हा किनारपट्टीच्या जिल्ह्यांचा प्रश्न होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील नद्या ती खोटी ठरवितात. अरबी समुद्र येथून जवळ असला, तरी येथील पाणी बंगालच्या उपसागराची वाट धरते. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते. मुळा-मुठा व इंद्रायणी भीमेस मिळतात आणि भीमा कृष्णेस. येथील नाल्यात पडलेला प्लॅस्टिकचा कण वाटेतील धरणांतून निसटला, तर तो आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ शकतो.

पाच मिलिमीटरहून लहान अशा कणांना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. फाटक्या पिशव्या उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचा चुरा होतो. कृत्रिम धाग्यांचे कपडे धुताना तंतू सुटतात. रस्त्यावर टायर झिजतात. कारखान्यात कच्च्या मालाचे दाणे सांडतात. पहिला पाऊस हे सर्व ओढ्यात लोटतो.

सागरातील प्राणिप्लवक व शिंपले हे कण अन्न म्हणून गिळतात. पोट भरते, पोषण होत नाही. लहान जीवांकडून ते मोठ्या माशांकडे जातात. कणांसोबत रसायनेही येतात. टायरमधील एका रसायनापासून बनणारा पदार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओढ्यांत कोहो सामन माशांच्या मृत्यूस कारण असल्याचे २०२० साली सिद्ध झाले. वाहननिर्मितीचे केंद्र असलेल्या या पट्ट्याने त्याची विशेष नोंद घ्यावयास हवी.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत बहुतांश कण अडतात. परंतु ते नष्ट होत नाहीत, गाळात साठतात. असा गाळ शेतात टाकल्यास ते मातीत जातात. म्हणून उगमापाशीच प्रतिबंध करणे श्रेयस्कर. राज्याने २०१८ मध्ये, तर केंद्राने १ जुलै २०२२ पासून, अनेक एकल-वापर प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. तिची अंमलबजावणी गावपातळीवरच व्हावयाची आहे. ग्रामपंचायतींनी ओढ्यांच्या तोंडाशी जाळ्या बसवून पावसाळ्यापूर्वी कचरा उचलावा. कारखान्यांनी सांडलेले दाणे पाण्याने न धुता झाडून गोळा करावेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ओढ्याकाठच्या कचऱ्याची मोजदाद करून घ्यावी.

देहू-आळंदीहून वाहणारे इंद्रायणीचे पाणी भीमेतून पंढरपुरी चंद्रभागा होते. पुढे सागरापर्यंत कोळी बांधवांचे जाळे त्याच पाण्यात पडते. वरच्या गावाने जे सोडले, तेच खालच्या गावाच्या वाट्यास येते.