यकृत आणि अडलेलें रक्त

शेगांवच्या काळ्या रानाला उन्हाळ्यांत भेगा पडतात. आणि त्याच तहानलेल्या मातीवर मृगाचा पाऊस एकदम कोसळला, तर तो तिला वाहून नेतो. यकृताची गत अशीच आहे.

यकृतास सुमारें तीन-चतुर्थांश रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या शिरेनें व उरलेलें रोहिणीनें मिळतें. फाटलेल्या यकृताचा रक्तस्राव थांबविण्यासाठीं हे दोन्ही मार्ग दाबून धरण्याची युक्ति ग्लासगोचे शस्त्रवैद्य प्रिंगल यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केली. तीमुळें रक्त वांचतें, परंतु पेशी प्राणवायूविना गुदमरतात. आणि रक्त परतलें म्हणजे त्याच प्राणवायूपासून घातक द्रव्यें उत्पन्न होऊन पेशींची पुन्हा हानि होते. म्हणून यकृताचा भाग कापतांना शस्त्रवैद्य पुष्कळदां १५ मिनिटें प्रवाह अडवितात व ५ मिनिटें मोकळा सोडतात. अशा मापानें यकृत तग धरतें.

उष्माघातांत रक्तदाब ढासळला असतांही यकृताचा पुरवठा तुटतो. यास्तव उन्हाळ्यांत शेगांवीं दर्शनास निघणारांनीं पाणी जवळ बाळगावें. आणि कोणी भोवळ येऊन पडल्यास त्यास सावलींत नेऊन, अंग गार पाण्यानें भिजवून, विनाविलंब रुग्णालयांत पोंचवावें.