जहाजांचं वेळापत्रक आणि खनिजाचा ढीग

बोर्ली पंचतनहून दिघीला उतरलं की राजपुरीच्या खाडीपलीकडे आगरदांडा दिसतो. मधे जंगलजेट्टी, म्हणजे फेरीबोट, चालते. दोन धक्के, ठरलेल्या फेऱ्या. तिचं वेळापत्रक कुणीही लिहून देईल. पण आपल्याच किनाऱ्यासमोरून आणखी एक वाहतूक चालते आणि तिचा हिशेब भल्याभल्या गणितज्ञांना घाम फोडणारा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातलं जयगड हे खोल पाण्याचं बंदर. लोहखनिज, कोळसा घेऊन मोठी जहाजं तिथं लागतात. त्यातला बराच माल जायचा असतो पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यात. पण अंबा नदीवरच्या धरमतरच्या धक्क्यापर्यंत एवढं अजस्र जहाज येऊच शकत नाही. म्हणून उथळ पाण्यात चालणाऱ्या लहान जहाजांत माल भरतात आणि ती श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग मागे टाकत वर जातात.

जवळची वाट कोणती, हा इथं प्रश्नच नाही. भांडण आहे ते दोन्ही टोकांच्या साठ्याचं. डोलवीची झोतभट्टी रात्रंदिवस खात असते. ढीग संपून चालत नाही. फार आणला तर जागा पुरत नाही, पैसाही अडकून पडतो. इकडे जयगडला जागा मोकळी झाली नाही, तर मोठं जहाज नांगर टाकून थांबतं आणि खोळंब्याची भरपाई चढत जाते. त्यात खाडी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्या किनाऱ्यावर पोरंही सांगतील: चतुर्थीला तीनच्या सुमारास. उधाणाला पाणी भरपूर, भांगाला बेताचं; मग जहाजही बेतानंच भरायचं.

दहा फेऱ्यांचा नुसता क्रम ३६,२८,८०० प्रकारांनी लागतो. जहाज कोणतं, टन किती, भरती कुठली, हे वेगळंच. सगळे प्रकार तपासत बसणं संगणकालाही परवडत नाही. जॉर्ज डँट्झिग आणि फुलकर्सन यांनी १९५४ मध्ये ठरलेल्या फेऱ्यांना कमीत कमी तेलवाहू जहाजं किती लागतील, हे गणितानं काढलं. साठा आणि फेऱ्या एकत्र धरून हा प्रश्न नॉर्वेच्या मारिएल ख्रिश्चनसेन यांनी १९९९ मध्ये मांडला. त्यांचा माल होता अमोनिया: काही बंदरांत तो तयार होतो, काहींत खपतो आणि टाक्या सगळीकडे मर्यादित.

यातली युक्ती मला फार आवडते. प्रत्येक बंदरात, प्रत्येक दिवशी, एका टनाला एक काल्पनिक भाव द्यायचा. ढीग खाली गेला की भाव वर, ढीग भरला की भाव जवळजवळ शून्य. मग प्रत्येक जहाजानं शेजारच्या जहाजाकडे न बघता, त्या भावात आपल्याला सर्वांत फायद्याच्या फेऱ्या सुचवायच्या. त्या एकत्र जुळवल्या की कुठं टंचाई, कुठं गर्दी दिसते, भाव बदलतात, जहाजं पुन्हा सुचवतात. अशानं लाखो प्रकारांना हात न लावताही उत्तम आराखडा हाती येतो.

एक गोष्ट मात्र गणित आपणहून ठरवत नाही: पावसाळ्यासाठी जादा ढीग किती दिवसांचा ठेवायचा? ते माणसानं सांगायचं. हिशेब पाहणाऱ्याला तो कमी हवा असतो, भट्टी सांभाळणाऱ्याला जास्त. आणि आराखडा महिन्याचा केला, तरी साधारणपणे पाळायचे ते पहिले काही दिवसच. एखादं जहाज वाऱ्यात अडकलं की नवे आकडे घालून गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायचं.