उसने पत्ते
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



गेल्या वर्षी आपल्या सभागृहात एक मोठे लग्न झाले. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख. सुटीहून त्याच सकाळी परतलेली वसतिगृहाची मुले रडकुंडीला येऊन कचेरीत आली. वायफायला जोडणी दिसे, पण काही उघडेना. आम्ही इंटरनेटवाल्यास फोनवरून चार शब्द सुनावले. दोष आमचाच होता, हे दुपारी कळले.

जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्रास पत्ता लागतो, १९२.१६८.१.२५ असा, चार आकड्यांचा. हे आकडे यंत्रायंत्रात हाताने भरावयाचे म्हणजे चुकीस आमंत्रणच. म्हणून १९९३ साली डीएचसीपी नावाची पद्धत नियमबद्ध झाली व १९९७ साली ती सुधारली. घरातील वायफायची पेटीही तिच्याच आधारे पत्ते वाटते.

आपली धर्मशाळाच डोळ्यांपुढे आणा. अनोळखी पाहुणा दारातून हाक मारतो, “कोणी आहे का? जागा हवी.” व्यवस्थापक म्हणतो, “सात नंबर रिकामी आहे.” पाहुणा मोठ्याने म्हणतो, “सात नंबर घेतो.” मग व्यवस्थापक वहीत नोंद करून म्हणतो, “दिली, अमुक वेळेपर्यंत.” तिसरे वाक्य मोठ्याने कशासाठी? दुसऱ्या कोणी व्यवस्थापकाने खोली देऊ केली असल्यास त्याने ती मोकळी समजावी म्हणून. पत्त्यासोबत बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता व नावावरून ठिकाण कोणास विचारावे, हेही सांगितले जाते.

सारे मर्म त्या ‘अमुक वेळेपर्यंत’मध्ये आहे. पत्ता मालकीचा नसतो, उसना असतो. निम्मी मुदत सरली की यंत्र आपण होऊन वाढ मागते. परंतु फोन खिशात घालून निघून गेलेला पाहुणा सहसा निरोप घेत नाही. मुदत संपेपर्यंत वहीत त्याची खोली भरलेलीच! आमच्या पेटीत वाटण्यास शंभर पत्ते, मुदत चोवीस तासांची. वऱ्हाडी रात्री गेले, पत्ते मात्र अडकून राहिले. एका मुलाच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तेव्हा उलगडा झाला. कोणीच पत्ता देईना, तर यंत्र असा पत्ता स्वतःच घेते. त्याने इंटरनेटवर जाता येत नाही.

विद्यापीठासारख्या मोठ्या जाळ्यात अनेक विभाग असतात आणि पाहुण्याची हाक विभागाच्या वेशीपलीकडे जात नाही. तेथे वेशीवर निरोप्या असतो. तो हाक मुख्य कचेरीत पोचवितो, आणि निरोप कोणत्या वेशीवरून आला हे पाहून कचेरी त्या विभागातील पत्ता देते. अशा ठिकाणी कोणी घरची पेटी आणून परस्पर जोडली, की तीही पत्ते वाटू लागते व लोकांना भलताच दरवाजा दाखविते. एका संस्थेत दोन व्यवस्थापक झाले म्हणजे काय होते, हे या सभेस आम्ही काय सांगावे!

त्या दिवशी पेटी बंद करून पुन्हा चालू केली, जुनी नोंद पुसली गेली आणि संध्याकाळपर्यंत अर्ज गेले. एकाचा मात्र राहिला. त्याची त्या वर्षाची फी न्यासाने भरली, ती भरणे आमच्याकडे लागतच होते. आता सभागृहाच्या पाहुण्यांना पत्ते वेगळ्या गटातून, एका तासाच्या मुदतीने मिळतात. कचेरीच्या छपाईयंत्राचा पत्ता तेवढा कायमचा राखून ठेवला आहे.