बाईचं ताट आधी वाढा

अमरावती-अकोल्याच्या बैठकांत गर्भवाढीचा तक्ता लावला की पहिला प्रश्न येतो, "मुलगा कधी ठरतो?" लिंग गर्भधारणेच्या वेळीच, पुरुषाच्या बीजावरून ठरतं. मग दोष बाईला का?

गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्यात बंद होते. तेव्हा पाळी चुकल्याचं नुकतंच कळत असतं. म्हणून डाळ, पालेभाजी, फोलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासूनच हवं. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण पुरत नाही.

जन्मलेल्या बाळाच्या गालाला बोट लावा. ते तोंड वळवून स्तन शोधतं. मुलगीही शोधते, कुणी न शिकवता. तिला मध-घुटी नको. तासाभरात चीक पाजा. आणि तिच्या आईला शेवटी, उरलंसुरलं वाढू नका.