हुकूम स्नायूत शिल्लक असतो
(काष्टी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कडबा कुट्टीत, मळणी यंत्रात किंवा उसाच्या चरकात हात गेलेला माणूस आपल्या भागाला नवा नाही. मळणी यंत्रांचे अपघात रोखण्यासाठी आणि जखमींना भरपाई मिळावी म्हणून संसदेनं 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. आज मला बोलायचं आहे ते अपघातानंतर माणसाजवळ काय उरतं त्याविषयी.

जरा डाव्या हातानं उजव्या हाताची कोपराखालची बाजू धरा आणि उजव्या हाताची बोटं हलवा. आत काहीतरी सरकतंय ना? जोरानं मूठ मिटणारे आणि बोटं ताठ करणारे मोठे स्नायू पंजात नसतातच. ते इथं असतात, बोटांपर्यंत जातात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या. म्हणून पंजा तुटला तरी हे स्नायू बऱ्याच अंशी जागेवर राहतात. मूठ मिटायचं मनात आलं की मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून तिथवर पोचतो, स्नायू आकसतो आणि विजेचा बारीक संकेत उमटतो. तो साधारण व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा असतो.

विजेवर चालणारे कृत्रिम हात हाच संकेत पकडतात. बहुतेकांत कातडीवर दोन इलेक्ट्रोड टेकलेले असतात, एक मूठ मिटण्यासाठी, दुसरा उघडण्यासाठी. वैशाखात सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेल्या हातावर चढवायच्या खोळीत, घाम साचतो, इलेक्ट्रोड सरकतो आणि हात ऐकेनासा होतो. शिवाय खोलवरच्या स्नायूंचा संकेत कातडीपर्यंत वेगळा येत नाही, शेजाऱ्यांच्या संकेतांत मिसळतो. जनावरांच्या बाजाराचा नुसता गलका रस्त्यावरही ऐकू येतो, पण बोटांच्या खुणांनी होणारा सौदा कळायचा तर रुमालाखाली हात घालावा लागतो.

संशोधकांनी तेच केलं. अमेरिकेत सुमारे 16 मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड संवेदक तयार झाला. तो थेट स्नायूत बसवतात. त्यात बॅटरी नाही. सॉकेटमधल्या तारेच्या वेटोळ्यातून त्याला बिनतारी वीज मिळते आणि संकेतही कातडी न छेदता बाहेर येतो. प्रत्येक स्नायूचा संकेत वेगळा मिळाल्यामुळे मनगट फिरवणं आणि मूठ मिटणं एकाच वेळी जमू शकतं.

स्वीडनमध्ये मॅक्स ऑर्टिझ कॅटालान आणि रिकार्ड ब्रोनेमार्क यांनी दुसरी वाट धरली. हाडात टायटॅनियमचा खुंट बसवायचा, त्यावर हात जोडायचा आणि आतल्या इलेक्ट्रोडच्या तारा त्या खुंटातूनच बाहेर आणायच्या. 2013 मध्ये ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली ती एका ट्रकचालकावर. 2020 मध्ये त्यांनी चार जणांचा अनुभव प्रसिद्ध केला. ही माणसं तीन ते सात वर्षं रोजच्या जगण्यात तो हात वापरत होती.

हात कोपराच्या वर तुटला, तर पंजाचे स्नायूच उरत नाहीत. पण पंजाकडे जाणारे मज्जातंतू उरतात. शिकागोच्या टॉड क्यूकेन यांनी ते छातीच्या किंवा दंडाच्या स्नायूंना जोडण्याची पद्धत पुढे आणली. मग मूठ मिटायचं मनात आलं की तो स्नायू आकसतो. व्हिएन्नाच्या ऑस्कर आझमान यांच्या गटानं ही पद्धत आणि आत बसवायचे संवेदक यांची सांगड घातली आणि 2019 मध्ये तीन रुग्णांचे निष्कर्ष मांडले.

असे इलेक्ट्रोड किंवा संवेदक आत बसवलेले रुग्ण अजून थोडे आहेत. शस्त्रक्रिया करावी लागते, खर्च मोठा आहे, आणि खुंट कातडीबाहेर येतो तिथं जंतुसंसर्गाची भीती असते. तरीही या संशोधनाचा धडा आपल्याला आजच लागू आहे: स्नायू वाचला तर पुढची प्रत्येक वाट खुली राहते.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. कुट्टीचं आणि मळणी यंत्राचं संरक्षक झाकण काढू नये. हात तुटलाच तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फावर कधीही ठेवू नये. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू गारव्याशिवाय सहा तासांच्या आसपासच तग धरतो, म्हणून तातडीनं मोठं रुग्णालय गाठावं. आणि हात जोडता आला नाही, तर जखम भरताच उरलेल्या हाताचा व्यायाम सुरू करावा. कृत्रिम हात लवकर बसवला तर तो वापरात राहण्याची शक्यता वाढते, वर्षभर घरी बसलं की ती घटते.

यासाठी परदेशी जावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी 1944 मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं, तिथं नागरिकांनाही अवयव बसवून मिळतात. मुंबईत हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

इथं बसलेल्या विद्यार्थ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. स्वीडनच्या थंडीत नीट चालणारा हात उसाच्या फडात, धुळीत आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात चालेल का, या प्रश्नाचं उत्तर इथल्याच माणसांनी शोधायला हवं. तुम्ही डॉक्टर व्हा, इलेक्ट्रॉनिक्स शिका, नाहीतर सॉकेट घडवणारे कारागीर व्हा. या कामाला तिघंही लागतात, आणि फडातलं काम तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे.