बलाढ्य बिरादरी कोणाची?

कॉन्फरन्स म्हटलं की आम्हा कवींना परिसंवाद आणि चहाचे पेले आठवतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मात्र कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांची बिरादरी. हा फुटबॉल आपला नव्हे. लंबगोल चेंडूचा, हातानं फेकण्याचा. एका बिरादरीतले संघ बहुतेक सामने आपसांतच खेळतात. त्यामुळे सर्वांत बलाढ्य बिरादरी कोणती, हा वाद तिथे कधी मिटतच नाही.

दक्षिणेकडची साउथईस्टर्न, म्हणजे एसईसी, १९३२ सालची. २००६ ते २०१२ या ७ हंगामांची विजेतेपदं तिनं ओळीनं जिंकली, तीही ४ वेगवेगळ्या विद्यापीठांच्या बळावर. तिथे तर शेजारचं विद्यापीठ जिंकलं तरी लोक ‘एसईसी, एसईसी’ असा गजर करतात. उत्तरेकडची बिग टेन १८९६ सालची. २०२३ च्या हंगामात मिशिगन आणि २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेट जिंकल्यावर तिच्या चाहत्यांनाही जोर चढला.

मला हे माप अपुरं वाटतं. एक शायर गाजला म्हणून मुशायऱ्यातले सगळेच शायर मोठे ठरत नाहीत. सातव्या-आठव्या क्रमांकाचा संघ बाहेरच्यांसमोर कसा टिकतो, यावर बिरादरीचं बळ जोखावं.

पण मैदानावरच्या बळाला तरी किती किंमत? मिशिगननं २०२३ च्या अंतिम सामन्यात हरवलं ते पॅक-१२ च्या वॉशिंग्टनला. म्हणजे ही बिरादरी थेट अंतिम फेरीपर्यंत पोचली होती, आणि त्याच वर्षी ती फुटली! दूरचित्रवाणीचा पैसा दुसरीकडे जास्त होता. २०२४ मध्ये वॉशिंग्टनसह ४ विद्यापीठं बिग टेनमध्ये गेली. नावात दहा, सभासद १८! पॅसिफिक किनाऱ्याजवळची स्टॅनफर्ड आणि बर्कली चक्क अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाली. मी शब्दांचा माणूस. नावातून असा अर्थ निघून गेला की चुटपुट लागते.

१९१५ पासूनचा वारसा सांगणाऱ्या पॅक-१२ मध्ये २०२४ च्या हंगामात उरली दोनच विद्यापीठं, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांतली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याशी खेळले, भांडले, ते शेजारीच निघून गेले. बलाढ्य कोण, याची चर्चा खुशाल रंगू द्या. त्या दोन गावांतल्या माणसांनी मात्र कोणत्या बिरादरीचा गजर करायचा, हेही कुणीतरी विचारायला हवं.